ऑनलाइन फोटो विक्रीची सुरुवात: हक्क तपासण्यापासून पहिले पैसे बँकेत येईपर्यंत

स्टॉक एजन्सीवर, म्हणजे अनेकांचे फोटो जमवून ते वापराच्या परवान्यावर विकणाऱ्या संकेतस्थळावर, फोटो विकायला निघालेल्या बहुतेकांचा क्रम असा असतो: आधी खाते उघडायचे, मग मोबाइलमधले आणि जुन्या हार्ड डिस्कवरचे आवडते दोन-तीनशे फोटो चढवायचे, ते नाकारले गेले की कॅमेऱ्याला किंवा संपादनाला दोष द्यायचा, आणि माणसांची संमती, शोधशब्द, कराचा अर्ज या गोष्टी एजन्सीने अडवल्यावर शोधायला लागायचे. हा क्रम उलटा आहे. पाच वर्षांपूर्वी जत्रेत टिपलेल्या अनोळखी आजोबांची सही आज मिळवता येत नाही, आणि कोणी गिऱ्हाईक कुठल्या शब्दांनी शोधेल याचा विचार न करता काढलेल्या फोटोला नंतर शब्द चिकटवून फारसा उपयोग होत नाही. म्हणून पुढे दिलेल्या क्रमात खाते उघडणे सहाव्या टप्प्यावर येते. समजायला सोपे जावे यासाठी एकच फोटो उदाहरण म्हणून शेवटपर्यंत सोबत ठेवला आहे: घरच्या स्वयंपाकघरात उकडीच्या मोदकाला कळ्या पाडणारे हात.

टप्पा १: फोटो विकण्याचा हक्क तुमच्याकडे आहे का, ते पाहा

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते छायाचित्र काढणारी व्यक्ती. एवढेच वाचून पुष्कळ जण थांबतात आणि तिथेच चूक होते, कारण कर्ता आणि पहिला मालक हे नेहमी एकच नसतात. याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक काम देणारा ठरतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंनाही साधारण हाच न्याय लागतो. लग्न, मुंज, बारसे किंवा दुकानाच्या कॅटलॉगसाठी पैसे घेऊन काढलेले फोटो, ते कितीही सुंदर असले, तरी लेखी परवानगीशिवाय स्टॉकवर टाकू नयेत. लग्नाचे काम करणाऱ्या छायाचित्रकारांकडे नेमका हाच साठा सर्वांत मोठा असतो, म्हणून हे सर्वांत आधी सांगितले.

दुसरा प्रश्न चौकटीत दिसणाऱ्या दुसऱ्याच्या निर्मितीचा आहे. भिंतीवर टांगलेले वारली चित्र हे कोणा हयात चित्रकाराचे काम असू शकते. पुस्तकाचे मुखपृष्ठ, सिनेमाचे पोस्टर, कॅलेंडरवरचे चित्र, टीव्हीच्या पडद्यावरचे दृश्य यांचेही तसेच आहे. इमारतीचे छायाचित्र काढणे आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे याला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. पण ‘कायमस्वरूपी’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. सार्वजनिक मंडळाची दहा दिवसांची गणेशमूर्ती आणि तिची आरास या सवलतीच्या आधारे व्यावसायिक फोटोत खपवता येईल असे धरून चालू नये, कारण ती मूर्ती कोणा मूर्तिकाराची आहे आणि कायमची तिथे नाही. शिवाय कायद्याने चालणारी गोष्ट एजन्सीच्या नियमात बसतेच असे नाही. एजन्सी मालमत्तेचे संमतीपत्र मागू शकते.

*सावधान:* पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूंमध्ये तिकीट काढले म्हणजे ट्रायपॉड लावायची किंवा व्यावसायिक चित्रण करायची मुभा मिळाली असे होत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आणि डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा आधी पाहावा.

टप्पा २: व्यावसायिक की संपादकीय, हे बटण दाबण्याआधी ठरवा

स्टॉक फोटो दोन प्रकारच्या वापरासाठी विकला जातो. व्यावसायिक वापर म्हणजे जाहिरात, वेष्टन, कंपनीचे संकेतस्थळ. संपादकीय वापर म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक. पहिल्या प्रकारात ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाचे सही केलेले संमतीपत्र हवे आणि बोधचिन्हे, ब्रँडची नावे, दुसऱ्याची कलाकृती चौकटीत नको. दुसऱ्या प्रकारात संमतीपत्र नसले तरी चालते, पण फोटोत फेरफार करता येत नाही आणि मथळा तथ्यांना धरून लिहावा लागतो. पंढरीची वारी, विसर्जनाची मिरवणूक, मंडईतली गर्दी हे विषय जवळजवळ नेहमीच संपादकीय ठरतात. घरातला सण, शेतातले काम, स्वयंपाक हे विषय थोडी तयारी केली तर व्यावसायिक करता येतात, आणि व्यावसायिक फोटो जाहिरातदारालाही घेता येतो व संपादकालाही, म्हणून नवख्याने शक्य तिथे याच बाजूने प्रयत्न करावा असे माझे मत आहे.

संमतीपत्राचे काम पुढील क्रमाने करावे.

१. ज्या एजन्सीकडे फोटो पाठवायचे तिच्याच संकेतस्थळावरचा नमुना उतरवून घ्यावा. घरी तयार केलेले मराठी संमतीपत्र बहुधा स्वीकारले जात नाही.

२. सही करणाऱ्याला त्यातला मजकूर मराठीत समजावून सांगावा: हा फोटो जगात कोणीही विकत घेऊ शकेल, तो कुठे छापला जाईल हे आपल्या हातात नसेल, आणि विक्रीमागे मिळणारी रक्कम लहान असेल. हे ऐकून कोणी नको म्हटले तर त्या व्यक्तीचा फोटो बाजूला ठेवावा.

३. सही, तारीख आणि साक्षीदाराची सही चित्रणाच्या दिवशीच घ्यावी. साक्षीदार तिसरी प्रौढ व्यक्ती असावी. छायाचित्रकार किंवा फोटोतली व्यक्ती स्वतः साक्षीदार होऊ नये.

४. अठरा वर्षांखालील मुलांसाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची सही लागते. शाळेच्या शिक्षकांची सही चालत नाही.

५. स्वतःचा फोटो असेल तरी स्वतःचेच संमतीपत्र भरावे. ही गोष्ट नवख्यांना पटत नाही, पण एजन्सी ते मागते.

मोदकाच्या फोटोत केवळ हात आहेत, तेव्हा चेहरा ओळखण्याचा प्रश्न येत नाही. तरीही मी संमतीपत्र घेतो. हातावर टॅटू किंवा ठळक खूण असली तर माणूस त्यावरूनही ओळखला जातो, आणि त्याच बैठकीत चेहऱ्यासह चांगला फोटो मिळाला तर तो वापरता येतो.

*तपासणी:* कॅमेरा हाती घेण्याआधी चौकटीतल्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवावी. गॅसच्या शेगडीवरचे नाव, तेलाच्या पिशवीवरचे बोधचिन्ह, भिंतीवरचे कॅलेंडर, कपड्यावर छापलेला मजकूर. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास राहते: स्टीलच्या भांड्यांवर कोरलेली नावे. पूर्ण आकारात पाहिल्यावर ताटाच्या काठावरचे नाव आणि तारीख स्वच्छ वाचता येते, आणि ते वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले जाऊ शकते. ताट फिरवून ठेवायला क्षणभर पुरतो. नंतर संगणकावर ते नाव पुसायला अर्धा तास जातो.

टप्पा ३: गिऱ्हाईक डोळ्यापुढे ठेवून फोटो काढा

फोटो विकत घेणारा बहुधा जाहिरात संस्थेतला मांडणीकार किंवा मासिकाचा संपादक असतो. त्याला मजकूर बसवायला मोकळी जागा हवी असते. म्हणून एकाच प्रसंगाचे तीन वेगळे फोटो काढावेत: एक आडवा, ज्यात डावीकडे किंवा उजवीकडे एक तृतीयांश भाग शांत असेल, एक उभा, आणि एक जवळून, नुसत्या तपशिलाचा. मोदकाच्या बाबतीत हे असे होईल: केळीच्या पानावर मोदकांची रास आणि बाजूला रिकामे लाकूड, हातांचा उभा फोटो, आणि कळ्यांचा जवळून घेतलेला फोटो.

सणांच्या फोटोंत वेळेची चूक फार होते. गणेशोत्सवाच्या जाहिराती सणाच्या बऱ्याच आधी तयार होतात. चतुर्थीच्या दिवशी काढलेला आणि आठवड्याने चढवलेला मोदकाचा फोटो त्या वर्षीपुरता वाया जातो. फोटो सणाच्या किमान दोन-तीन महिने आधी एजन्सीकडे मंजूर होऊन पडलेला असावा. म्हणजे मोदक एप्रिल-मे महिन्यांत करावे लागतात, गुढीची तयारी डिसेंबरात आणि तिळगुळाची दिवाळीच्या सुमारास. घरच्यांना हे विचित्र वाटते, पण कामाचे गणित असेच आहे.

प्रकाशासाठी खिडकीजवळची जागा आणि समोरून परावर्तनासाठी पांढरा पुठ्ठा एवढे पुरते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, जमेल तितका कमी ठेवावा, कारण फोटोत कणकण (नॉइज) दिसणे हे नकाराचे नेहमीचे कारण आहे. फोकस नेमका जिथे हवा तिथे, म्हणजे इथे बोटांच्या टोकांवर, आहे ना हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून जागेवरच पाहावे.

टप्पा ४: फाइल तयार करा

शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोन्ही एजन्सींकडे किमान ४ मेगापिक्सेलची जेपेग फाइल लागते. अलामी या एजन्सीचा नियम वेगळ्या भाषेत आहे: उघडलेल्या, म्हणजे न दाबलेल्या, अवस्थेत फाइल १७ एमबीपेक्षा मोठी हवी, म्हणजे साधारण ६ मेगापिक्सेल. आजच्या मोबाइलचाही मूळ फोटो या अटी सहज पूर्ण करतो. अडचण येते ती मूळ फाइल न वापरल्यामुळे. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने घटतो आणि दबतो. तो विक्रीच्या उपयोगाचा राहत नाही. लहान फोटो सॉफ्टवेअरने फुगवून अट पूर्ण करण्याचाही प्रयत्न करू नये.

संपादनाचा क्रम ठरलेला असावा. आधी क्षितिज आणि उभ्या रेषा सरळ करणे, मग कातरणे, मग पांढऱ्या रंगाचा समतोल, मग उजेड-सावली, त्यानंतर सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके आणि कडांवरच्या जांभळ्या-हिरव्या रेघा काढणे. धार वाढवणे म्हणजे शार्पनिंग हे अगदी थोडे करावे किंवा करूच नये. खरेदीदार ते आपल्या गरजेप्रमाणे करतो. रंग गडद करण्याचा मोह आवरावा. उकडीचा रंग पांढराच दिसला पाहिजे, पिवळट किंवा निळसर नव्हे. शेवटी एसआरजीबी रंगप्रणालीत, सर्वोच्च दर्जाची जेपेग म्हणून फाइल साठवावी. त्यावर वॉटरमार्क, नाव, तारीख किंवा चौकट टाकू नये.

*सावधान:* ‘एआय’ने भर घालणारी साधने वापरताना एजन्सीचा नियम पाहावा. शटरस्टॉक आणि गेटी इमेजेस या एजन्सी योगदानकर्त्यांकडून, म्हणजे फोटो पुरवणाऱ्यांकडून, एआयने निर्माण केलेली चित्रे स्वीकारत नाहीत. अडोबी स्टॉक ती स्वीकारते, पण तशी नोंद करणे बंधनकारक आहे. मोदकामागची भिंत एआयने बनवून घेतली आणि सांगितले नाही, तर नुसता फोटो जात नाही, खातेही धोक्यात येते.

*तपासणी:* फोटो १०० टक्के आकारात उघडून डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत सरकत पाहावा. एजन्सीही फोटो मोठा करूनच तपासते. मोबाइलच्या पडद्यावर सुंदर दिसणे हा पुरावा नव्हे.

टप्पा ५: शीर्षक आणि शोधशब्द

मराठी माणसाचे काम सर्वांत जास्त इथे अडते, आणि मला वाटते की या टप्प्याला चित्रणाइतकाच वेळ द्यायला हवा. शीर्षक आणि शोधशब्द इंग्रजीत, रोमन लिपीत द्यायचे असतात. गिऱ्हाईक जर्मनीतले असू शकते आणि त्याला ‘मोदक’ हा शब्द माहीत नसेल; गिऱ्हाईक मुंबईतलेही असू शकते आणि ते फक्त ‘मोदक’ एवढेच शोधेल. दोघांचीही सोय एकाच यादीत व्हायला हवी.

शीर्षक एका साध्या वाक्याचे असावे: कोण, काय करत आहे, कुठे. ‘परंपरेचा गोडवा’ अशा अर्थाचे काव्यमय शीर्षक कोणी शोधत नाही. ‘भारतीय घरात गणेश चतुर्थीसाठी तांदळाच्या पिठाचे मोदक वळणारे स्त्रीचे हात’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य उपयोगी पडते.

शोधशब्द काढताना मी फोटोला पाच प्रश्न विचारतो. वस्तू काय आहे: मोदक, तांदळाचे पीठ, नारळ, गूळ, केळीचे पान. कोण आहे: स्त्री, हात, बोटे. काय चालले आहे: वळणे, स्वयंपाक, तयारी. कुठे आणि कधी: भारत, महाराष्ट्र, घर, स्वयंपाकघर, गणेश चतुर्थी. कोणती कल्पना: परंपरा, सण, घरगुती, नैवेद्य. या सगळ्यांचे इंग्रजी प्रतिशब्द घ्यावेत आणि मोदक, उकडीचे हे शब्द रोमन लिपीत तसेच ठेवावेत. ‘उकडीचे’ रोमनमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहितात, त्यातले दोन रूढ प्रकार घ्यावेत. मोदकाचे इंग्रजी भाषांतर करताना केवळ ‘डंपलिंग’ म्हणून सोडणे ही नेहमीची चूक आहे. त्या शब्दाने हजारो चिनी पदार्थांच्या गर्दीत तुमचा फोटो बुडतो. ‘स्टीम्ड’, ‘स्वीट’, ‘इंडियन’ हे शब्द सोबत हवेत.

शटरस्टॉकवर किमान ७ आणि कमाल ५० शोधशब्द देता येतात, अडोबी स्टॉकवर कमाल ४९. जागा आहे म्हणून भरायची नसते. तीस नेमके शब्द पुरतात. अडोबी स्टॉकवर शब्दांचा क्रमही महत्त्वाचा आहे: पहिले दहा शब्द शोधात सर्वांत जास्त मोजले जातात, म्हणून मोदक आणि गणेश चतुर्थी तिथे हवेत, ‘परंपरा’ शेवटी चालेल. फोटोत नसलेली गोष्ट, उदाहरणार्थ गणपतीची मूर्ती, यादीत घालू नये.

वनस्पती आणि प्राण्यांच्या फोटोंत शास्त्रीय नाव हवेच. कासच्या पठारावरचे ‘जांभळे फूल’ पाठ्यपुस्तकाच्या संपादकाच्या कामाचे नाही. दर काही वर्षांनी बहरणाऱ्या कारवीचा फोटो ‘स्ट्रोबिलँथिस कॅलोसा’ या नावाने नोंदवला तर तो योग्य माणसाला सापडतो. नाव खात्रीने माहीत नसेल तर जाणकाराला विचारून मगच लिहावे.

संपादकीय फोटोच्या मथळ्याचा साचा ठरलेला आहे: शहर, राज्य किंवा देश, मग तारीख, मग अपूर्णविराम (:), मग तथ्य. उदाहरणार्थ: ‘पुणे, भारत - सप्टेंबर १७, २०२४: अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजवणारे पथक’. तारीख चित्रणाची लिहायची, चढवण्याची नव्हे. कॅमेऱ्यातले घड्याळ चुकीचे असेल तर ही तारीखही चुकते, म्हणून ते आधी लावून घ्यावे.

हे सगळे शब्द एकेका संकेतस्थळावर पुन्हा पुन्हा टंकण्याऐवजी लाइटरूम किंवा मोफत मिळणारे डिजीकॅम अशा फोटो सॉफ्टवेअरमध्ये थेट फाइलमध्ये भरून ठेवावेत. फोटो चढवला की एजन्सी ते आपोआप वाचते.

टप्पा ६: आता खाते उघडा

योगदानकर्त्याचे खाते खरेदीदाराच्या खात्याहून वेगळे असते. नोंदणी योग्य ठिकाणी चालू आहे ना ते पाहावे. नाव पॅन कार्डावर आहे तसेच, अक्षर न अक्षर, लिहावे. ओळखपत्र, पॅन, परदेशातून पैसे आणणाऱ्या पेपाल किंवा पेओनिअर सेवेचे खाते आणि बँकेचे खाते या सर्व ठिकाणी नाव एकच नसेल, तर फोटो विकले जातात पण पैसे अडकतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी हे आधीच तपासावे. एका व्यक्तीचे एका एजन्सीवर एकच खाते असावे.

अमेरिकी एजन्सी कराचा अर्ज भरायला सांगते. भारतीय व्यक्तीसाठी तो बहुधा डब्ल्यू-८बीईएन असतो. हा अर्ज अमेरिकेचा कर भरण्यासाठी नसून तुम्ही तिथले रहिवासी नाही हे सांगण्यासाठी आहे. परदेशी कर क्रमांकाच्या जागी पॅन लिहावा. अर्ज न भरल्यास अमेरिकेतील विक्रीच्या रॉयल्टीतून ३० टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. अर्ज भरून लाभ मागितला तर भारत-अमेरिका कर करारानुसार ती १५ टक्क्यांवर येते. अर्ज सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेरपर्यंत चालतो, मग पुन्हा भरावा लागतो.

विक्रीचे उत्पन्न भारतात करपात्र आहे आणि परदेशात कापलेल्या कराची वजावट इथे मागता येते. जीएसटीचा प्रश्नही एकदा सनदी लेखापालाला विचारून घ्यावा.

*सावधान:* ‘रॉयल्टी-फ्री’ परवाना म्हणजे फुकट नव्हे. खरेदीदार एकदा पैसे देऊन परवान्याच्या अटींत फोटो पुन्हा पुन्हा वापरू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. स्वामित्वहक्क तुमच्याकडेच राहतो. विकायचा फोटो मात्र अनस्प्लॅशसारख्या मोफत ठिकाणी टाकू नये, कारण तिथे एकदा दिलेली मुभा मागे घेता येत नाही. आयस्टॉक या एजन्सीच्या ‘एक्सक्लुझिव्ह’ करारावर, म्हणजे फोटो फक्त तिलाच देण्याच्या करारावर, पहिल्या वर्षात सही करू नये. आधी दोन-तीन एजन्सींवर काय विकले जाते ते पाहावे.

टप्पा ७: पहिली तुकडी लहान ठेवा

पहिल्यांदा दहा फोटो पाठवावेत, तेही वेगवेगळ्या विषयांचे. एकाच मोदकाचे किंचित कोन बदललेले बारा फोटो ‘सारखेच’ म्हणून परत येतात. अलामीकडे तर तुकडीतला एक फोटो दर्जाच्या तपासणीत नापास झाला की सगळी तुकडी परत येते, तेव्हा ज्या फोटोबद्दल मनात शंका आहे तो काढून टाकावा.

पाठवण्याआधी प्रत्येक फोटोला त्याचे संमतीपत्र जोडले आहे का, व्यावसायिक-संपादकीय ही खूण बरोबर आहे का आणि शोधशब्द नीट वाचले गेले का, एवढे पाहावे. माझ्या एका तुकडीत दोन बहिणींची संमतीपत्रे अदलाबदल होऊन जोडली गेली आणि दोन्ही फोटो परत आले. तेव्हापासून मी संमतीपत्राच्या फाइलला व्यक्तीचे नाव आणि चित्रणाची तारीख देतो.

टप्पा ८: नकार वाचा, मग पैशांकडे पाहा

नकाराचे कारण एजन्सी एका ओळीत देते. ‘फोकस’ किंवा ‘कणकण’ असे कारण असेल तर तोच फोटो पुन्हा पाठवून वेळ घालवू नये. ‘बोधचिन्ह’, ‘शीर्षक’, ‘संमतीपत्र’ अशी कारणे दुरुस्त होतात. दुरुस्ती करून एकदाच पुन्हा पाठवावे. काहीही न बदलता तोच फोटो परत परत पाठवणे खात्याला घातक ठरते.

पैशांबाबत अपेक्षा आकड्यांत बांधावी. अडोबी स्टॉक छायाचित्राच्या विक्रीतले ३३ टक्के देते. शटरस्टॉकवर वाटा १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्यांवर असतो आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. वर्गणीदाराने उतरवलेल्या फोटोला तिथे १० सेंटही मिळू शकतात. अडोबी स्टॉकवर पैसे काढायला किमान २५ डॉलर जमावे लागतात आणि पहिल्या विक्रीनंतर ४५ दिवस जावे लागतात. एका विक्रीला ३३ सेंट मिळाले असे धरले तर २५ डॉलरसाठी ७६ विक्री लागतात. दहा फोटोंवर ते घडण्याची वाट पाहू नये. दर आठवड्याला पाच-सहा नीट तयार केलेले फोटो चढवत राहावेत.

भारतातील पेपाल खात्यात परदेशातून आलेली रक्कम आपोआप जोडलेल्या बँक खात्यात जाते, तिथे साठवून ठेवता येत नाही. त्याआधी पॅन आणि रकमेच्या उद्देशाचा कोड भरलेला असावा लागतो, म्हणून एजन्सीकडे पैशांची पहिली मागणी करण्याच्या आधीच हे दोन्ही भरून ठेवावे. प्रत्येक रकमेची तारीख, डॉलर, रुपये आणि कापलेला कर एका वहीत लिहावा.

तीन महिन्यांनी पाहिले गेलेले आणि विकले गेलेले फोटो वेगळे काढावेत. पाहिला जातो पण विकला जात नाही, अशा फोटोत बहुधा मोकळी जागा नसते किंवा त्याहून चांगला पर्याय शेजारी असतो. तो विषय पुन्हा चित्रित करावा. पाहिलाच गेला नाही, अशा फोटोचे शोधशब्द आधी बदलून बघावेत, आणि मग पुढच्या सणाच्या चित्रणाची तारीख ठरवावी.